बेघरांनी झाडू नये

आमच्या सासूबाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोल्या केल्या. खोल्या करणं म्हणजे बांधणं नव्हे. लॉजमधलं गिऱ्हाईक खोली सोडून गेलं की ती खोली पुन्हा माणसात आणायची, त्याला त्या लोकांत 'खोली करणं' म्हणतात. चादर बदलायची, न्हाणीघर घासायचं, आरशावरचे शिंतोडे पुसायचे, आणि पलंगाखालून काय काय काढायचं ते मी सांगत नाही, कारण त्यांनीही कधी कुणाला सांगितलं नाही. "पाहुण्याला आपली घाण दिसू नये, आणि पाहुण्याची घाण आपण बाहेर बोलू नये," हे त्यांचं शास्त्र. खोली झाली की त्या दारात उभ्या राहून एकदा आत बघायच्या, जणू त्याच आत्ता बॅग घेऊन आल्यात. काही खटकलं की परत आत. मॅनेजर कामावर आलेल्या नव्या मुलींना सांगायचा, हिच्या मागून हात फिरवा, धूळ सापडली तर माझा पगार तुम्हाला. त्याचा पगार शाबूत राहिला.

लग्न होऊन आले तेव्हा मला या स्वच्छतेचा जाच व्हायचा. मी बेकरीत पाव भरणारी, पिठानं माखून घरी येणारी. दारातच हातात फडकं पडायचं. मी घडी घातलेल्या साडीची त्या पुन्हा घडी घालायच्या, बोलायच्या काही नाहीत, आणि न बोलणंच जास्त लागायचं. मी मनात म्हणायचे, ही बाई मेल्यावरसुद्धा उठून स्वतःची चादर ताणून घेईल आणि मग परत मरेल. पुढे माझा नवरा, म्हणजे त्यांचा एकुलता एक, बाहेरगावी कामाला जातो म्हणून गेला तो गेलाच. तिकडे त्यानं दुसरा संसार थाटल्याचं कानावर आलं. लोकांना वाटलं, आता सून माहेरची वाट धरणार. मला माहेर होतंच कुठे? सासूबाई एवढंच म्हणाल्या, तो गेला तर गेला, तू भांडी नीट पालथी घालायला शीक. इथून आमचं जमलं.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. आमची भाड्याची खोली ज्या इमारतीत होती ती रस्त्यात आली. मालकाला मोबदला मिळाला. आम्हा भाडेकरूंना काय मिळालं, तर दुपारपर्यंतची मुदत. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, आमचे वासे तर ट्रकमध्ये भरून नेले. त्याच सुमारास लॉज बंद पडलं आणि सासूबाईंना निरोपादाखल जुन्या चादरींचा एक गठ्ठा मिळाला. एवढ्या वर्षांची चाकरी, आणि हातात चादरी. त्यांना त्याचाही आनंद झाला, कारण कापड चांगलं होतं. मला तेव्हाच राग आला होता, पण तेव्हा माझा राग अजून लहान होता.

आम्हाला थारा मिळाला तो ट्रकच्या अड्ड्यावर. तिथे ट्रकचं वजन करायचा काटा होता, तो कधीच बंद पडलेला, पण काटेवाल्याची केबिन उभी होती. शेजारच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीनं अड्डामालकाला विचारून ती मिळवून दिली. केबिन म्हणजे दोन माणसं आडवी झाली की संपली. एका बाजूला मोठी काच, काटेवाल्याला ट्रक दिसावा म्हणून, ती फुटलेली. वर गळका पत्रा. दार अर्धंच, वरचा भाग कुजून गेलेला, त्यामुळे कडीचा प्रश्नच नाही. पाणी पेट्रोल पंपावरून. अंघोळ गॅरेजच्या मागे पत्र्याच्या आडोशाला. वीज नाही. बाहेर ट्रक वळला की आमची भांडी आपोआप वाजायची. अड्ड्यावर रात्रंदिवस माणसांचा राबता, त्यांतली सगळीच मिस्त्रीसारखी नव्हेत. दोनदा कुणीतरी दारू पिऊन अर्ध्या दारावरून आत वाकलं होतं. तेव्हापासून सासूबाई दाराला पाठ लावून बसल्या बसल्याच डोळे मिटायच्या. त्यांचे गुडघे आधीच गेलेले, त्यात हे.

"मला महाल नको," त्या म्हणायच्या. "आतून कडी लागेल असं दार हवं. एकदा आडवी होऊन झोपेन म्हणते."

आणि बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तसं, अड्ड्याची जमीन विकली गेली. नवा मालक पावसाळ्यापूर्वी सगळं पाडणार होता, केबिनसकट. म्हणून आम्ही सरकारी घरांच्या कचेरीत गेलो. ज्यांना घर नाही त्यांना घर, असं बाहेर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. मी म्हटलं, चला, आमच्याइतकं नसणारं दुसरं कोण आहे? खिडकीतल्या बाईनं सगळं उतरवून घेतलं आणि सांगितलं, साहेब पाहणीला येतील, तुम्ही राहता ती जागा बघतील, मग ठरेल.

इथेच घात झाला. कारण सासूबाईंनी फक्त एवढंच ऐकलं, की साहेब घरी येणार.

त्यांच्या अंगात लॉज संचारलं. अड्ड्यावरून चुना मागून आणला आणि भिंती पांढऱ्याशुभ्र केल्या. फुटक्या काचेच्या जागी पुठ्ठा बसवून त्यावर लॉजची चादर अशी ताणली की मागे काच नाही हे मलाच खरं वाटेना. अर्ध्या दाराच्या वरच्या भागाला दुसऱ्या चादरीचा पडदा. पत्र्याच्या भोकांना डांबर, खाली छताला तिसरी चादर. जमीन अशी घासली की सिमेंटचा मूळ रंग वर आला, आणि तो हिरवट होता हे आम्हाला पहिल्यांदाच कळलं. मिस्त्रीच्या गॅरेजमधून दोन खुर्च्या आणल्या. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी निभावलं असतं. पण मिस्त्रीकडे कुणाचा तरी टेबलफॅन दुरुस्तीला आला होता, तोही उचलून आणला.

मी म्हटलं, आई, पंखा कशाला? वीज कुठाय आपल्याकडे?

"असू दे. तो कोपरा ओकाबोका दिसतो," त्या म्हणाल्या आणि पंख्याची वायर गुंडाळून सुबक फुलासारखी बांधून ठेवली.

मी त्यांना सांगितलं होतं, नको, आहे तसं दिसू दे. त्या म्हणाल्या, आहे तसं म्हणजे काय, माणूस दारात येणार आणि आपण त्याला उकिरडा दाखवायचा? आमचं वाजलं. शेवटी बेकरीची वेळ झाली आणि मी निघाले. परत आले तेव्हा केबिन नव्हतीच, लॉजची एक खोली होती, आठ बाय सहातली.

साहेब आला तो पोरगेला, शांत, बोलायला गोड. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, निदान चिडायला तोंड मिळालं असतं. चपला बाहेर काढून आत आला, खुर्चीवर बसला, सासूबाईंनी घासून लख्ख केलेल्या तांब्यातलं पाणी प्याला. म्हणाला, फार छान ठेवलंय हो. सासूबाईंचा चेहरा असा फुलला, जणू कुणी त्यांना मंगळसूत्र घडवून दिलंय. मग त्यानं विचारलं, इथे त्रास काय काय होतो? आणि आमच्या सासूबाई, ज्या महिनोन् महिने पाठ टेकून झोपल्या नव्हत्या, हसून म्हणाल्या, त्रास कसला, बरं चाललंय. पाहुण्यासमोर रडगाणं गायचं नाही ना! मी पुढे होऊन म्हटलं, साहेब, दाराला कडी नाही, वर गळतं. तर सासूबाईंनी डोळ्यांनीच मला मागे सारलं आणि त्याला म्हणाल्या, दमून आलीय बिचारी कामावरून.

त्यानं लिहिलं. काय लिहिलं ते खिडकीतल्या बाईनं पुढच्या वेळी वाचून दाखवलं. निवारा चांगल्या अवस्थेत. बसण्यास खुर्च्या. विजेचे उपकरण, पंखा. गळती आढळली नाही. तक्रार नाही. सबब गरज कमी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, बाई, विजेचं उपकरण आहे, पण वीज कुठाय? ती म्हणाली, पंखा आहे ना? मी म्हटलं, पंखा उसना होता. ती म्हणाली, ते इथे लिहिलेलं नाही. मी म्हटलं, तो फिरत नव्हता, साहेबांना तेवढं तरी दिसायला हवं होतं की उन्हाळ्यात घाम पुसत बसलेत आणि पंखा नुसता बघतोय! मागे रांगेत कुणीतरी हसलं. खिडकीतली बाई हसली नाही. ती म्हणाली, फेरपाहणी मागा. आणि मग आवाज उतरवून म्हणाली, "या वेळेला जरा... आवरू नका."

मी तिथेच उभी राहिले. तिनं चांगुलपणानंच सांगितलं होतं, हे मला कळत होतं, आणि म्हणूनच राग कुठे ठेवू ते कळेना. म्हणजे यांना ठाऊक आहे! गरीब नुसता गरीब असून भागत नाही, तसा दिसावा लागतो, तोही यांच्या डोळ्यांना दिसेल असा. ज्यांच्याकडे मोलकरणी येतात त्यांच्या घरी स्वच्छता हा गुण. आमच्या घरी तो आमच्याविरुद्धचा पुरावा. बाई गुडघ्यांवर रांगून जमीन घासते, त्या घासण्याची यांनी किंमत काय केली, तर गरज कमी. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

अड्ड्याजवळच्या भंगारवाल्यानं माझी कहाणी ऐकून कपाळाला हात लावला. त्याला मागच्या फेरीत घर मिळालं होतं. "अहो, पाहणीला घर दाखवायचं नसतं," तो म्हणाला, "हाल दाखवायचे असतात. आणि तेसुद्धा जरा सजवून."

फेरपाहणीचा दिवस कळला तसं मी सासूबाईंना सगळं सरळ सांगितलं. चादरी काढायच्या. पुठ्ठा काढायचा. भांडी खरकटी ठेवायची. भंगारवाल्याकडून दोन कुजकी पोती आणायची. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच शब्द म्हणाल्या, नाही. मी विनवलं. मग ओरडले. मग जे बोलायचं नव्हतं तेही बोलले, की तुमच्या पोरानं मला टाकलं, तुम्हाला टाकलं, आता हे छप्पर जाणार, आणि तुम्ही फडकं धरून बसा.

"आई," मी म्हटलं, "तुम्हाला मान हवा की कडी? दोन्ही नाही देत ते."

त्या उठल्या आणि चादरीचं एक टोक सोडवलं. घडी घातली. दुसरी सोडवली, घडी घातली. घड्या घालून गठ्ठा बाहेर मिस्त्रीकडे ठेवायला दिला, आणि पदर खोचून कामाला लागल्या. मला हात लावू दिला नाही. ती खोली त्यांनी माझ्या देखत घाण केली, आणि जशी आयुष्यभर स्वच्छ केली तशीच केली, कोपऱ्यापासून सुरू करून दाराकडे येत. कोणत्या डागानं ओकारी येते, शिळं अन्न कुठे सांडलं की वास भरून राहतो, ओलं फडकं कुठे टाकलं की बुरशी दिसते, सगळं त्यांना पाठ होतं, कारण लोकांनी मागे टाकलेलं तेच तर त्यांनी जन्मभर उचललं होतं. गटारातलं पाणी भिंतीवर शिंपडलं. शेवटी दारात उभ्या राहिल्या आणि आत बघितलं. "तो कोपरा अजून बरा दिसतोय," म्हणाल्या आणि परत आत गेल्या.

मला हसू आलं आणि लगेच रडू आलं, आणि त्या दोन्हींपेक्षा जास्त राग आला. अजून येतो. लोक म्हणतात, तूच तर करायला लावलंस. हो, लावलं. परत वेळ आली तर परत लावेन. मला लाज वाटावी असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी अर्ध्या दाराला पाठ लावून एक रात्र काढून दाखवावी.

तोच पोरगेला साहेब आला. या वेळी चपला काढल्या नाहीत. दारातच नाकाला रुमाल लावला. त्याला आधीची पाहणी आठवत असेल का, हे मला त्याच्या तोंडावरून कळलं नाही. एवढ्या घरांत जाणाऱ्या माणसाला काय आठवणार. सासूबाई पोत्यावर केस सोडून पडल्या होत्या, अंगावर फाटकी साडी. त्यानं विचारलं, आजी, किती दिवस आजारी आहात? त्या भिंतीकडे तोंड करून गप्प राहिल्या. एवढं खोटं त्यांच्यानं बोलवेना. त्याला ते दुखण्याचं लक्षण वाटलं. मग त्यानं मोबाइल काढला.

"आजी, इकडे बघा," तो म्हणाला. "हसू नका."

त्यांनी बघितलं. हसण्याचा प्रश्नच नव्हता. त्यानं दोन-तीन फोटो काढले, एकात पोतं नीट येईना म्हणून ते पायानं जरा पुढे सरकवलं, आणि गेला. ट्रकच्या धुळीत त्याची मोटारसायकल दिसेनाशी व्हायच्या आत सासूबाई बादली घेऊन पेट्रोल पंपाच्या वाटेला लागल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी जेवण केलं नाही. केबिन धुतली, स्वतःला धुतलं, परत केबिन धुतली. पंपवाला म्हणाला, आज काय विशेष? त्या म्हणाल्या, पाहुणे येऊन गेले.

घर मंजूर झालं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, तसं त्यानंतरही महिनाभर आज या, उद्या या चाललं. एकदाचं कळलं की किल्ल्या समारंभात देणार. मैदानात मांडव घातलाय, मोठे साहेब येणार, सगळ्यांनी स्वच्छ कपडे घालून यावं. आता स्वच्छ! सासूबाईंनी ठेवणीतली साडी काढली, तिला उशीखाली ठेवून इस्त्री केली. त्या दिवशी त्या खुशीत होत्या, हे मी खोटं सांगणार नाही. रिक्षात मला म्हणाल्या, कडी वरची असेल की मधली, वरची असली तर माझा हात पोचेल का गं?

मांडवाच्या तोंडाशीच तो फलक होता. दोन माणसांच्या उंचीचा. डावीकडे 'काल', उजवीकडे 'आज'. 'आज'खाली नव्या इमारतीचा रंगीत फोटो, निळ्या आकाशासकट. 'काल'खाली आमची केबिन. कुजकं पोतं, सांडलेलं अन्न, भिंतीवरचे ओघळ, आणि मधोमध केस सोडलेल्या सासूबाई, खऱ्या माणसापेक्षा मोठ्या. त्यांनीच घातलेला एकेक डाग एवढा मोठा करून छापला होता की अड्ड्यावरूनसुद्धा दिसला असता. माणसं येत होती, बघत होती, च् च् करत होती. एक बाई मुलीला सांगत होती, बघ, कसं राहतात लोक.

मी सासूबाईंचा दंड धरला. त्या थांबल्या नाहीत. मान खाली घालून आत जाऊन बसल्या.

पुकारा झाल्यावर आम्हाला वर बोलावलं. मोठ्या साहेबांनी पुठ्ठ्याची हातभर किल्ली सासूबाईंच्या हातात दिली. खरी किल्ली त्यांच्या मागे उभ्या असलेल्या कारकुनाच्या मुठीत होती, छोटीशी. फोटोवाले पुढे झाले. आणि साहेबांना उत्साह आला. त्यांनी माइक सासूबाईंच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाले, "आजी, सांगा सगळ्यांना, आधी कशा राहत होता?"

मी त्या कारकुनाच्या मुठीकडे बघत होते. केबिन चार दिवसांत पडणार होती. मिस्त्रीनं आमचं सामान आधीच बांधून ठेवलं होतं. सासूबाईंनी खरं सांगितलं, की साहेब, मी अशी कधीच राहिले नाही, तर आधी तो पंखा बाहेर येईल, मग खुर्च्या, मग गरज कमी. त्यांना हे माझ्याइतकंच कळत होतं. समोर अख्खा मांडव त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी पुठ्ठ्याची किल्ली या हातातून त्या हातात घेतली. साहेब म्हणाले, बोला, बोला, घाबरू नका.

"बाहेर फोटो लावलाय," सासूबाई म्हणाल्या. "तशी."

टाळ्या पडल्या. जोरात पडल्या. कारकुनानं मूठ उघडली.

मी व्यासपीठाच्या पायऱ्या उतरताच किल्ली पदराच्या गाठीत बांधली आणि वळून बघते तर सासूबाई नाहीत. मला वाटलं, गर्दीत चुकल्या. मांडवात बघितलं, खुर्च्यांत बघितलं. पाण्याच्या टाकीपाशी बघितलं तर खाली पाणी सांडलेलं. मग मांडवाच्या तोंडाशी आले.

त्या फलकासमोर उभ्या होत्या. ठेवणीतल्या साडीचा पदर टाकीच्या नळाखाली ओला केलेला, आणि त्या ओल्या पदरानं फलक पुसत होत्या. फोटोतल्या स्वतःच्या तोंडाला हात लावला नव्हता. जमीन पुसत होत्या. आधी डावा कोपरा, मग तिथून पुढे, जोर लावून, एक एक डाग. उंचावरच्या भिंतीला हात पोचत नव्हता तरी टाचा उंचावून बघत होत्या. येणारे-जाणारे बाजूनं जात होते.

वॉचमन आला. रागावला नाही, उलट ओशाळल्यासारखा झाला. म्हणाला, आजी, छापलेलं आहे ते. पुसून नाही जायचं.

"कळतंय मला," सासूबाई म्हणाल्या. हात थांबला नाही. "पण असंच ठेवून कशी जाऊ?"